मोळीवालीच्या नातवाचे पुस्तक

दलित साहित्याने माणूस केंद्रस्थानी आणला असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण माणूस आधी लहान असतो, एवढी साधी गोष्ट आपल्या हिशेबातून निसटली आहे. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘जिणं आमुचं’ (१९८६), ‘आयदान’ (२००३) या पुस्तकांतली सर्वांत जिवंत पाने कोणती, असे मी दरवर्षी माझ्या वर्गात विचारतो. उत्तर ठरलेले असते : बालपणाची. भूक, शाळा, शिळे अन्न, मास्तरची छडी, आईचा हात. परंतु ही पाने मुलांसाठी लिहिलेली नाहीत. प्रौढ लेखकाने प्रौढ समाजापुढे ठेवलेले ते आरोपपत्र आहे. दलित मूल मराठी साहित्यात आले ते साक्षीदार म्हणून, वाचक म्हणून आले नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते इतकेच.

मी नेरूळला लागून असलेल्या सारसोळे गावठाणात भाड्याने राहतो. घराण्यातला पहिला पदवीधर. १९७० मध्ये सिडको आली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या शेतजमिनी, मिठागरे गेली. गावठाणे तेवढी इमारतींच्या मध्ये उरली. सारसोळेची होडी अजून खाडीत जाते, पण जेट्टीकडे जाताना मध्ये पाम बीच रस्ता ओलांडावा लागतो. गावच्या मुलांबरोबर इथे जालना, बीड, सोलापूरकडून आलेल्या भाडेकरूंचीही मुले आहेत. रविवारी सकाळी यांतली दहाबारा मुले माझ्या खोलीत वाचायला बसतात. त्यांना काय द्यावे, या अडचणीतून हा लेख जन्मला.

प्रस्थापित बालसाहित्याची परंपरा लहान नाही. ‘आनंद’ मासिक १९०६ पासूनचे, बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासूनचे. या परंपरेच्या शिखरावर ‘श्यामची आई’ (१९३५) आहे. साने गुरुजींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ साली त्यांनी प्राण पणाला लावले होते. तरीही एक अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी सहावीत असताना शनिवारच्या तासाला हे पुस्तक वर्गात वाचले जात असे. त्यात एक प्रसंग आहे. एका महार म्हातारीच्या डोक्यावरची मोळी पडते, श्यामची आई त्याला ती उचलून द्यायला सांगते, आणि नंतर घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. वाचन इथे आले तेव्हा वर्गातल्या काही माना मागे वळल्या. मी शेवटच्या बाकावर होतो.

त्या दिवशी मला राग आला नाही. मला फक्त कळेना की या गोष्टीत मी कुठे बसायचे. सगळा वर्ग श्याम झाला होता. श्याम होऊन मला माझ्याच आजीला शिवल्याबद्दल आंघोळ करावी लागली असती. ती म्हातारी गोष्टीत येते, मोळी घेऊन निघून जाते. ती कुठे गेली? तिच्या घरी कोण होते? चुलीपुढे तिची वाट पाहणारा नातू होता का? त्याचे नाव काय? पुस्तकाला याचे देणेघेणे नाही. त्याला श्यामचे मन घडवायचे आहे, आणि त्या घडवण्यात म्हातारी हे साधन आहे. करुणेच्या बालसाहित्याची मर्यादा ही आहे. त्यात दलित असतो, पण दुसऱ्याच्या सद्गुणाचे निमित्त म्हणून. मला त्या नातवाचे पुस्तक हवे होते. अजूनही हवे आहे.

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपली ओळख जुनी. दलित पँथरने १९७२ मध्ये नावच तिकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठीत समजावून दिले. पण त्याच देशात शेतात टोमॅटो-द्राक्षे खुडणारे, भांडी घासणारे, इमारती बांधणारे मेक्सिकन, पोर्तोरिकन आणि इतर स्पॅनिशभाषक वंशांचे लोक आहेत. त्यांना लॅटिनो म्हणतात. त्यांच्या लेखकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुलांसाठी जे लिहिले, त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

डंकन टोनातिऊह यांचे २०१४ चे चित्रपुस्तक घ्या. त्याच्या नावाचा अर्थ, वेगळे कधीच समान नसते. गोष्ट खरी आहे. १९४४ साली कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर गावात सिल्व्हिया मेंडेझ आणि तिचे भाऊ आत्याबरोबर शाळेत नाव घालायला जातात. आत्याची मुले गोरी, त्यांचे विदौरी हे आडनाव कानाला फ्रेंच वाटणारे. त्यांना प्रवेश मिळतो. सिल्व्हिया सावळी, आडनाव मेंडेझ. तिने मेक्सिकनांच्या शाळेत जावे. ती शाळा गुरांच्या कुरणाला लागून, खेळायला मैदान नाही, कुंपणात विजेची तार. शेतकरी बाप गोन्झालो सह्या गोळा करतो, वकील गाठतो, आणखी चार कुटुंबांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये दावा लावतो. न्यायालयात शाळाधिकारी सांगतात की मेक्सिकन मुले अस्वच्छ असतात, त्यांच्या डोक्यात उवा असतात. १९४६ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागतो आणि १९४७ मध्ये अपिलातही टिकतो. काळ्यांच्या शाळांविषयीचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी आलेला.

मी हे पुस्तक चित्रे दाखवीत मराठीत सांगितले. आडनावाच्या पानाशी एका मुलाने मला थांबवले. बारा वर्षांचा, बाप गवंडीकाम करणारा. त्याने विचारले, “सर, मग तिनं आडनाव बदललं का?”

हा प्रश्न कॅलिफोर्नियाचा नाही. या शहरात खोली शोधताना मला तो चार दारांत भेटला आहे. नाव सांगितले की “पूर्ण नाव?” आणि पूर्ण नाव सांगितले की “मालकांना विचारून कळवतो.” त्या मुलाच्या घरानेही तो ऐकला असणार, एरवी बाराव्या वर्षी कोणाला हे सुचते? मी त्याला पुढचे पान दाखवले. आत्याने आडनावाचा फायदा घेतला नाही. माझ्या भावाची मुले नकोत तर माझीही नकोत, म्हणून ती आपल्या मुलांचे हात धरून निघून गेली. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आत्या भारी होती.” समीक्षेच्या परिभाषेत ज्याला आपण मूल्यभान म्हणतो, ते याहून वेगळे काय असते?

या पुस्तकाचे बळ कशात आहे? अन्याय झाला तो मुलीवर, आणि गोष्ट सुरू होते ती तिच्या शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या रडण्यापासून. न्यायालय, कायदा, सह्या हे सगळे तिच्या उंचीवरून दिसते. कोणी उदार माणूस येऊन तिला वर काढत नाही. तिचा बाप लढतो, शेजारी लढतात. म्हणजे दया नाही, हक्क आहे.

दुसरे पुस्तक इसाबेल किंतेरो यांचे, २०१९ चे. संध्याकाळी सुतारकाम करून घरी आलेला बाप आपल्या मुलीला मोटारसायकलवर मागे बसवून गावातून फेरी मारतो, एवढीच त्याची कथा. ओळखीची दुकाने, भिंतीवरची चित्रे, आजोबा ज्या बागांत राबले त्यांची आठवण. संघर्ष नाही, भाषण नाही. तरी मला ते पहिल्याइतकेच राजकीय वाटले. आपल्या साहित्यातला दलित बाप आठवून पाहा. तो मेलेला असतो, दारू प्यालेला असतो, किंवा पोराच्या शिक्षणासाठी हाडे झिजवीत असतो. पोराला हसवणारा बाप किती ठिकाणी आहे? माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. सुटीत मी डबा घेऊन जाई, तेव्हा पाठीची दमछाक विसरून ते मला रिकाम्या हातगाडीवर बसवत आणि गाळ्यांच्या रांगेतून पळवत. कांद्याची सालपटे उडत. त्या वेळी मी कोणाचा कोण नव्हतो, फक्त गाडीवर बसलेला पोरगा होतो. हा आनंदही आमचाच आहे, आणि तो लिहिला नाही तर आमच्या दुःखाचे वर्णनही अर्धेच राहते.

भाषेचा प्रश्नही याला जोडलेला आहे. शेतमजुरांच्या पोटी जन्मलेले कवी हुआन फेलिपे हेरेरा २०१५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रकवी झाले. त्या मानाचे ते पहिले लॅटिनो. २००० सालच्या त्यांच्या चित्रपुस्तकात नव्या शाळेत इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला आपण उलटे झाल्यासारखे वाटते. पुस्तक दोन्ही भाषांत छापलेले आहे. आईची भाषा तळटिपेत ढकललेली नाही. आपल्याकडे बोली येते ती गडी-मोलकरणीच्या तोंडी, हसू यावे म्हणून. सारसोळेच्या मुलाला आवस, बापूस, निवटी, चिंबोरी हे शब्द पुस्तकात सापडत नाहीत. मराठवाड्यातून आलेल्या मुलीला तिच्या वस्तीची बोली सापडत नाही. दोघांना एकच प्रमाण भाषा मिळते आणि दोघेही आपापल्या घराला अशुद्ध समजू लागतात. आगरी-कोळी मुलाचे आणि बौद्ध मुलाचे दुःख एक नाही, हे मी जाणतो. जमीन गेलेल्याचा आणि जमीन कधी नसलेल्याचा इतिहास वेगळा. पण पुस्तकाच्या दाराबाहेर मात्र दोघे शेजारी उभे आहेत.

तिकडचे सगळे सोने आहे असे मला म्हणायचे नाही. काही पुस्तके सण, खाद्यपदार्थ आणि रंगीत कपडे यांवरच थांबतात. समाजाचे दुःख बाजूला ठेवून त्याची सजावट तेवढी विकायची, हा बाजाराचा जुना डाव आहे. सत्तेचा रागही त्यांनी सोसला. ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये कायदा केला, २०१२ मध्ये टुसॉनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पडला आणि त्याची पुस्तके वर्गांतून उचलली गेली. ते घटनाबाह्य असल्याचा निकाल यायला २०१७ साल उजाडले. मुलांच्या हातातल्या पुस्तकाला सत्ता इतकी भिते, यावरून त्याचे मोल आपण ओळखावे.

आणि हे लेखन आपोआप उगवलेले नाही. पोर्तोरिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लागल्या; वस्तीतल्या मुलांना त्या इंग्रजी-स्पॅनिशमधून गोष्टी सांगत. कपाटात आपल्या लोककथा नाहीत हे पाहून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. १९९६ पासून त्यांच्या नावाने लॅटिनो बालसाहित्याला पुरस्कार दिला जातो, आणि तो उभारण्यात ग्रंथपालांचाच पुढाकार होता. लेखकाच्या आधी गोष्ट सांगणारी बाई होती.

आपल्याकडे काय आहे? मुलांसाठी म्हणून आपण बहुधा महापुरुषांची चरित्रे छापली. जन्म, शिक्षण, पदव्या, सत्याग्रह, महापरिनिर्वाण. जयंतीच्या भाषणाला उपयोगी. त्यांचे ऋण मी नाकारत नाही. पण त्यांत बाबासाहेब जन्मतःच मोठे असतात. खुद्द बाबासाहेबांनी स्वतःला तसे लिहिलेले नाही. १९०१ सालचा मसूरचा प्रवास त्यांनी कसा सांगितला आहे ते पाहा. साताऱ्याहून चार मुले वडिलांना भेटायला निघाली आहेत. नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे बूट. आगगाडीत बसण्याचा आनंद. मग स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही शेजारी न बसणारा गाडीवान, रात्र, जवळ अन्न आहे पण पाणी नाही. नव्या टोपीचे कौतुक आधी येते, म्हणून तहान अधिक लागते. बालसाहित्याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. २०११ च्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या अशा अनुभवांना रेषा दिल्या, ती वाट आपण पुढे चालवायला हवी होती.

याहूनही मागे जा. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. म्हणजे आपल्या साहित्याच्या मुळाशीच एक शाळकरी मुलगी उभी आहे. ती प्रश्न विचारू शकत होती, आणि तिच्या वारसांना प्रश्न पेलणार नाहीत असे आपण कसे ठरवले?

कोवळ्या मनाला हे दुःख कशाला, असे काही शिक्षक मित्र म्हणतात. ज्याच्या वाट्याला ते येत नाही त्यालाच हा पर्याय असतो. सारसोळेच्या त्या मुलाला आडनावाची गोष्ट मी शिकवली नाही. तो ती घेऊनच आला होता. पुस्तकाने त्याला फक्त एक आत्या दिली.

म्हणून कार्यकर्त्यांना, शिक्षकांना माझी विनंती आहे. मोठी संमेलने होत राहतील. आपल्या वस्तीत आठवड्यातून एक तास मुलांना गोष्ट सांगा, त्यांच्या भाषेत सांगा, आणि ती काय विचारतात ते लिहून ठेवा. आत्मकथने लिहिलेल्या ज्येष्ठांनी आणि त्यांच्या वारसांनी त्यातले एखादे प्रकरण पुन्हा लिहावे, या वेळी दहा वर्षांच्या वाचकासाठी. त्यात छडी असू द्या, तहान असू द्या, आणि हातगाडीवरची फेरीही असू द्या.

मोळी घेऊन गेलेली ती म्हातारी कधीचीच घरी पोहोचली आहे. नातू चुलीपुढे बसला आहे. गोष्ट तिथून सुरू व्हायची आहे.