‘बहुजनहित’ आणि उपयुक्ततावाद : एक चिकित्सा

‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ हे विनयपिटकाच्या महावग्गातील शब्द आज सर्वपरिचित आहेत. आकाशवाणीचे ब्रीदवाक्य म्हणूनही ते घरोघरी पोहोचले. त्यांचा अर्थ सांगताना ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हे उपयुक्ततावादाचे सूत्र शेजारी मांडावयाचे आणि तथागतांना बेंथमचे पूर्वसूरी ठरवावयाचे, अशी प्रथा आपल्या लेखनात रूढ झाली आहे. या प्रथेमागील हेतू चांगला असला तरी हे समीकरण आम्हांस मान्य करता येत नाही.

प्रथम उपयुक्ततावादाला न्याय दिला पाहिजे. बेंथमने १७८९ साली आपला नीतिविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६१ साली मिलने त्या मताला अधिक सूक्ष्म रूप दिले. कृत्याची योग्यायोग्यता त्याच्या परिणामांवरून ठरते आणि सुखाच्या हिशेबात प्रत्येक माणूस एकच धरला जातो, हे या मताचे सार होय. जन्माच्या श्रेष्ठत्वाला त्यात स्थान नाही. शिवाय अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात, आपले कृत्य स्वतःस, इतरांस वा उभयतांस पीडाकारक ठरेल काय, हे आरशात पाहावे तसे कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर पाहण्यास भगवंतांनी राहुलास सांगितले आहे. तेव्हा धम्म परिणामांकडे पाहत नाही, असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु ‘बहुजन’ या शब्दाचा अर्थ ‘बहुसंख्य’ असा नाही. ‘बहु’ म्हणजे पुष्कळ. उरलेल्यांशी तुलना त्यात अभिप्रेत नाही. बहुमताला विनयात ‘येभुय्यसिका’ हा वेगळा शब्द आहे. वाद मिटविण्यासाठी संघात शलाका वाटून मत घेतले जाई, त्या विधीचे ते नाव. तेथेही चुल्लवग्गाचे सांगणे लक्षणीय आहे. गुप्त पद्धतीने शलाका घेतल्यावर अधम्मवादी अधिक भरले, तर ती मोजणी सदोष समजून मागे घ्यावी. म्हणजे बहुमताच्या विधीतसुद्धा संख्येने अधम्माचा धम्म होत नाही.

दुसरा पुरावा अभयराजकुमार सुत्तातील आहे. राजपुत्राच्या मांडीवरील बालकाने काडी वा खडा तोंडात घातला, तर रक्त आले तरी तो काढावाच लागेल, हे भगवंत त्याच्याकडूनच वदवून घेतात. येथवर उपयुक्ततावादी संतुष्ट होईल. पुढे वाणीचे प्रकार येतात. सत्य, हितकर आणि प्रिय या तीन कसोट्यांचे हिशेबाने आठ प्रकार व्हावयास हवेत. सुत्तात सहाच आहेत. असत्य परंतु हितकर, मग ते प्रिय असो वा अप्रिय, असे दोन प्रकार तेथे नाहीतच. लाभदायक असत्याचा विचार उपयुक्ततावाद्यास करावाच लागतो. तथागतांच्या वर्गीकरणात त्याला जागाच नाही.

तिसरा पुरावा तिसऱ्या पाराजिकेखालील प्रकरणांचा. एक भिक्षू वस्त्राने झाकलेल्या आसनावर बसला. वस्त्राखाली मूल होते, ते दगावले. त्याला पाराजिक लागले नाही. मात्र न पाहता आसनावर बसू नये, बसल्यास दुक्कट, असा नियम झाला. दुसऱ्या प्रकरणात आजारी भिक्षूची दया येऊन इतरांनी त्याच्यापुढे मरणाची महती गायिली आणि तो मरण पावला. त्यांना पाराजिक लागले. त्यांना मरण हवे होते आणि तसे ते हवे असल्याचे त्यांनाच उमगले नव्हते, असा अट्ठकथेचा अभिप्राय आहे. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच, मृत्यू. दोष भिन्न, कारण चेतना भिन्न. पहिल्यातील बेसावधपणाही मोकळा सुटला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. अधिकांच्या सुखाची बेरीज हीच अंतिम कसोटी मानली, तर थोड्यांच्या दुःखावर उभी असलेली व्यवस्थाही समर्थनीय ठरू शकते. गावाबाहेर ठेवलेल्यांची संख्या गावापेक्षा नेहमीच कमी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ हे लेखन १९८७ साली त्यांच्या ग्रंथसंपदेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यात धर्माची परीक्षा करताना त्यांनी केवळ उपयुक्ततेची कसोटी लावली नाही. न्यायाची कसोटीही लावली आणि तीही आधी. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

परिणामांचा विचार धम्मात आहे. पण तो सावधानतेसाठी आहे, माणसांची वजाबाकी करण्यासाठी नाही. लोभ, द्वेष व मोह यांतून निघालेले कृत्य कितीही लोकांना सुखावह वाटले, तरी त्यामुळे ते कुशल होत नाही. धम्माला प्रतिष्ठा मिळावी म्हणून पाश्चात्त्य मताचा आधार शोधण्याची आपल्याला गरज नाही. अभ्यासकांनी मूळ पाली वचने त्यांच्या संदर्भासह वाचावीत, एवढीच आमची विनंती आहे.