सताप : ‘द हंगर गेम्स’मधील रू

इंग्रजीत ‘रू’ नावाची जी वनस्पती आहे, तिला आपल्याकडे सताप म्हणतात. उग्र वासाची, बारीक पिवळ्या फुलांची ही सताप आज्या-पणज्यांनी लेकराबाळांच्या औषधासाठी अंगणात राखली. सुझन कॉलिन्स यांनी ‘द हंगर गेम्स’ (2008) या कुमारवाचकांसाठीच्या कादंबरीत बारा वर्षांच्या एका मुलीला हे नाव दिले आहे. याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ हळहळ. बहुतेक वाचक या दुसऱ्या अर्थापाशी थांबतात : रू मरते, आपण हळहळतो. प्रस्तुत लेखात पहिल्या अर्थाच्या अंगाने रूकडे पाहायचे आहे.

कथानक थोडक्यात असे. भविष्यातल्या पॅनेम या देशात कॅपिटॉल ही राजधानी बारा जिल्ह्यांवर राज्य करते. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी निवडून त्यांना एकमेकांचा जीव घ्यायला लावले जाते. साऱ्या देशाने तो खेळ दूरचित्रवाणीवर पाहायचा. नायिका कॅटनिस कोळसा खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातली, रू शेतीच्या अकराव्या जिल्ह्यातली. दोघींची मैत्री जमते आणि दोन-तीन दिवसांतच भाला लागून रू मरते. कॅटनिस तिच्यासाठी गाते, तिचा देह फुलांनी सजवते.

नायिकेला बंडाच्या वाटेवर आणण्यासाठी लेखिकेने एका गरीब, सावळ्या लेकराचा बळी दिला, असा आक्षेप यावर घेता येतो. तो निराधार नाही. रूचा वर्ण गडद आहे, हे कादंबरीत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही 2012 च्या चित्रपटात अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीला त्या भूमिकेत पाहून काही वाचक नाराज झाले. त्यांनी वाचताना आपल्या मनातल्या गोऱ्या मुलीसाठी डोळे पुसले होते. मरणावर रडणे किती सोपे आणि किती निष्काळजी असू शकते, ते यावरून कळते.

पण रूचे खरे काम तिच्या मरणाआधीच होऊन गेलेले असते. ती कॅटनिसच्या सोबतीला येते तीच औषध घेऊन. विषारी गांधीलमाश्यांच्या दंशावर कोणता पाला चावून लावायचा, हे तिला ठाऊक असते. मग रात्री दोघी जेवायला बसतात. पक्ष्याची एक अख्खी तंगडी आपल्या एकटीच्या वाट्याला कधी आली नाही, असे रू सांगते. शेतीच्या जिल्ह्यात पोटभर मिळत असेल, असा कॅटनिसचा समज असतो. पण तिथे पिकातले काही खाल्ले तर चारचौघांत फटके बसतात. कॅटनिसजवळच्या काळ्या चष्म्याचा उपयोगही रूच सांगते. तो अंधारात पाहण्याचा चष्मा. सुगीत रात्री उंच फांद्यांवर चढणाऱ्यांना तो देतात, आणि तसा एक चष्मा जवळ ठेवला म्हणून एका भोळ्या मुलाला जागीच ठार केले होते. हे सारे ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही. कामाच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगते.

इथे कॅटनिसच्या मनात एक शंका येते : आपले हे बोलणे प्रक्षेपणातून गाळले जात असेल. एका जिल्ह्याचे हाल दुसऱ्याला कळू नयेत, यावर तर कॅपिटॉलची सत्ता उभी आहे. म्हणजे रूचे मरण देशाला दाखवण्याजोगे आहे, तिचे बोलणे नाही. वाचकाने फक्त मरण लक्षात ठेवले, तर तोही कॅपिटॉलच्या प्रेक्षकांतच जाऊन बसतो.

चित्रपटात रूच्या मृत्यूनंतर अकराव्या जिल्ह्यात दंगल उसळते. कादंबरीत तिथून कॅटनिससाठी एक पाव येतो. स्वतः पिकवलेले खायची ज्यांना बंदी, त्या लोकांनी पैसा-पैसा जमवून परक्या जिल्ह्याच्या मुलीला भाकरी धाडली. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (1959) उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक भेटतो; इथे उपाशी माणसेच आपल्या घासातला घास देतात. दोन्हीकडे बंडाचा उगम अन्नात आहे. माझ्या मते दंगलीपेक्षा हा पाव अधिक धाडसाचा आहे.

दुसऱ्या भागात याची किंमतही दिसते. कॅटनिस अकराव्या जिल्ह्यात जाऊन रूच्या आईसमोर, पाच भावंडांसमोर आभार मानते. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो. दिवसाचे काम संपले, हे रू बागेच्या शेंड्यावरून त्याच शिळेने सर्वांना कळवत असे. त्या म्हाताऱ्याला तिथेच गोळी घालतात.

आमच्या झरीच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालते. शाळेला सुट्टी असते आणि काही लेकरे आईच्या मागे कमरेला ओटी बांधून ओळ धरतात. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती ही कादंबरी पडली, तर काम सुटल्याची ती शीळ त्याला समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या बालसाहित्यातही गरिबाचे लेकरू पुष्कळदा मरते आणि सुखवस्तू नायकाचे मन पालटते. अशी गोष्ट वाचताना एकच पाहावे : मरण्याआधी त्या लेकराला स्वतःच्या कामाबद्दल, भुकेबद्दल, आवडीबद्दल बोलायला लेखकाने किती पाने दिली? कॉलिन्स यांनी रूला फार पाने दिलेली नाहीत. पण जी दिली, त्यांत ती आपल्या जिल्ह्याची सगळी हकीकत सांगून जाते.