डग्लसची तीन आत्मचरित्रे : साक्ष आणि मीमांसा

१

एकाच आयुष्याची कथा एकाच लेखकाने तीन वेळा लिहावी, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे. अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या चळवळीचा अग्रणी फ्रेडरिक डग्लस (१८१८–१८९५) याने ती तशी लिहिली. ‘नॅरेटिव्ह ऑफ द लाइफ ऑफ फ्रेडरिक डग्लस’ हे त्याचे पहिले आत्मचरित्र १८४५ मध्ये, ‘माय बाँडेज अँड माय फ्रीडम’ हे दुसरे १८५५ मध्ये आणि ‘लाइफ अँड टाइम्स ऑफ फ्रेडरिक डग्लस’ हे तिसरे १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्याची वाढविलेली आवृत्ती १८९२ मध्ये निघाली.

या तिहींपैकी पहिले पुस्तक सर्वांत लहान, जेमतेम सव्वाशे पृष्ठांचे. आणि वाचकांची पसंती पूर्वीपासून त्यालाच आहे. पहिले रेखीव, दुसरे पाल्हाळिक, तिसरे म्हणजे मानमरातबांची जंत्री, असा निवाडा दीर्घकाळ रूढ होता. अलीकडच्या काही दशकांत दुसऱ्या ग्रंथाची बाजू घेणारे अभ्यासक पुढे आले आहेत. तथापि सामान्य वाचकाच्या हाती पडते ते बहुधा पहिलेच. हा निवाडा केवळ रचनेच्या गुणदोषांवर आधारलेला आहे, की पीडिताकडून काय ऐकावयाचे याविषयीच्या एका जुन्या समजुतीचा तो परिणाम आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

२

पहिल्या पुस्तकाची प्रकृती समजण्यासाठी त्याचे प्रयोजन ध्यानी घ्यावे लागते. मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मलेला डग्लस ३ सप्टेंबर १८३८ रोजी बाल्टिमोरहून निसटला आणि १८४१ पासून विल्यम लॉइड गॅरिसन याच्या अनुयायांच्या सभांतून व्याख्याने देऊ लागला. त्याचे वक्तृत्व इतके सफाईदार होते की, हा मनुष्य कधी काळी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. त्या संशयाला उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिले गेले. त्यामुळे त्यात मालकांची, मुकादमांची, गावांची नावे स्पष्ट दिलेली आहेत. ती देण्यात मोठा धोका होता. लेखक कायद्याने अद्याप टॉमस ऑल्डची मालमत्ता होता आणि पुस्तकानेच त्याचा ठावठिकाणा उघड केला. प्रकाशनानंतर लवकरच त्याला आयर्लंड व ब्रिटन गाठावे लागले. तेथील स्नेह्यांनी १५० पौंड भरून १८४६ च्या अखेरीस त्याची कायदेशीर सुटका करविली.

पुस्तकाचा बांधा साक्षीचा आहे. कर्नल लॉइडच्या मळ्यावर डेम्बी नावाच्या गुलामाला मुकादम गोर गोळी घालून ठार करतो. परंतु पाहणारे सारे गुलाम असल्यामुळे त्या खुनाची न्यायालयात दाद लागत नाही. पुढे बाल्टिमोरच्या जहाजबांधणीच्या आवारात गोरे कामगार डग्लसला बेदम मारतात, तेव्हाही हाच अनुभव येतो. गोरा साक्षीदार पुढे येत नाही आणि काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध ग्राह्य नाही. ज्याची जबानी कोणतेही न्यायालय नोंदवून घेत नव्हते, त्याने ती छापून वाचकांपुढे ठेवली, हे या पुस्तकाचे खरे सामर्थ्य होय. त्याची आखूड वाक्ये, आवरलेला संताप, विशेषणांचा संयम हे सारे गुण साक्षीदाराचे आहेत.

परंतु साक्षीदाराला एक मर्यादा असते. काय पाहिले हे त्याने सांगावयाचे. त्याचा अर्थ दुसऱ्याने लावावयाचा. पुस्तकाच्या आरंभी गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र आहे. दोघेही गौरवर्णीय, दोघेही चळवळीचे पुढारी. कृष्णवर्णीय लेखकाच्या सत्यवादित्वाची हमी त्यांनी द्यावी आणि मगच वाचकाने पान उलटावे, अशी ही योजना आहे. तिच्यामागे सद्हेतू होता यात संशय नाही. पण कोणाच्या शब्दाला किती मोल, हे त्या मांडणीतच ठरून गेले होते.

३

दुसऱ्या ग्रंथात डग्लसने स्वतःच या व्यवस्थेचा उलगडा केला आहे. चळवळीतील मित्र त्याला सांगत की त्याने फक्त हकीकत सांगावी, तत्त्वचर्चा ते पाहून घेतील. भाषेतही मळ्यावरची थोडी छटा राहू द्यावी, म्हणजे लोकांना खरे वाटेल. तीच कहाणी महिनोन्महिने सांगून तो कंटाळला होता. अन्यायाचे नुसते कथन त्याला पुरेसे वाटत नव्हते. त्याचा धिक्कार करावा, त्याची कारणे शोधावीत, असे वाटत होते. १८४७ च्या डिसेंबरात त्याने रॉचेस्टर येथे ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे पत्र काढले. अमेरिकेची राज्यघटना गुलामगिरीची पाठीराखी आहे हे गॅरिसनचे मत त्याने १८५१ मध्ये सोडून दिले आणि दोघांत कायमचा दुरावा आला. म्हणून १८५५ च्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ याची. अमेरिकन महाविद्यालयांनी प्रवेश नाकारल्यामुळे ग्लासगो येथे जाऊन वैद्यकाची पदवी मिळविलेला हा कृष्णवर्णीय विद्वान होता. हमीदार बदलला, एवढाच याचा अर्थ नाही. हमीची गरजच आता उरली नव्हती.

या स्थित्यंतराचा ठसा खुद्द प्रसंगांवर कसा उमटला आहे, हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल. पहिल्या पुस्तकात आई जवळजवळ सावलीसारखी आहे. बारा मैल चालून ती चार-पाच वेळा रात्री मुलाला भेटते, आणि तिच्या मृत्यूची वार्ता त्याला परक्याच्या मृत्यूसारखी वाटते. गुलामगिरी नात्यांचा कसा उच्छेद करते याचा हा पुरावा. दुसऱ्या ग्रंथात याच आईला देह आणि वाणी लाभते. स्वयंपाकीण केटी हिने मुलाला उपाशी ठेवलेले पाहून ती तिला खडसावते आणि त्याच्या हाती गोड पोळी देते. टकाहोच्या कृष्णवर्णीयांत तिलाच काय ती अक्षरओळख होती, हेही तिच्या पश्चात लेखकाला कळते. आपली विद्येची आवड अज्ञात गोऱ्या पित्याकडून आली असे मानण्यापेक्षा ती या आईचा वारसा होय, असे तो निक्षून सांगतो. हे विधान भावनेचे जितके तितकेच राजकारणाचेही आहे. मिश्र रक्ताच्या माणसाची बुद्धी गोऱ्या रक्ताच्या खात्यावर मांडण्याचा त्या काळचा प्रघात तो येथे मोडून काढतो.

याहूनही बोलका पुरावा एडवर्ड कोव्ही याच्याशी झालेल्या झुंजीचा आहे. गुलामांना वठणीवर आणण्यात नावाजलेल्या या शेतकऱ्याकडे डग्लसला १८३४ मध्ये वर्षभरासाठी धाडले होते. सहा महिने मार खाल्ल्यानंतर एके दिवशी तो उलटून उभा राहिला आणि सुमारे दोन तास झुंजला. त्यानंतर कोव्हीने त्याच्या अंगाला हात लावला नाही. दोन्ही पुस्तकांत हा मध्यबिंदू आहे. पहिल्यात बिल नावाचा गुलाम मालकाला मदत करण्याचे नाकारतो, एवढा उल्लेख येतो. कॅरोलाइन ही गुलाम स्त्री त्या पुस्तकात अन्यत्र भेटते, पण ती केवळ अन्यायाचे उदाहरण म्हणून. पोरे पैदा करण्यासाठी कोव्हीने तिला विकत घेतले होते, इतकेच वाचकाला कळते. दुसऱ्या ग्रंथात तीच कॅरोलाइन झुंजीच्या जागी येऊन उभी राहते. अंगाने ती बळकट आहे. फ्रेडरिकला धर, असे मालक तिला फर्मावतो, आणि ती साफ नकार देते. बिल दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे सुटतो. कॅरोलाइन कोव्हीचीच असल्यामुळे तिला फटके बसतात. एका तरुणाचा पराक्रम येथे सामुदायिक बंडाचे रूप घेतो. पहिल्या कथनात जी पुरावा होती ती दुसऱ्यात कर्ती झाली, हा फरक पाल्हाळ या शब्दाने झटकून टाकता येणार नाही.

दुसऱ्या ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. त्याची शैली सभागृहातील वक्त्याची आहे; एकेका विचाराला ती तीन-तीन उपमा जोडते. परंतु एक दोष शैलीहून गंभीर आहे. आपल्या वृद्ध आजीला टॉमस ऑल्डने जंगलात मरण्यास सोडून दिले, असा आरोप डग्लसने ऑल्डला लिहिलेल्या १८४८ च्या जाहीर पत्रात केला होता. वस्तुतः ती ऑल्डच्या मालकीची नव्हती आणि अखेरच्या काळात त्यानेच तिला आपल्या घरी आणले होते. १८४९ मध्ये डग्लसने ही चूक छापील पत्रातून मान्य केली. असे असता १८५५ च्या ग्रंथाच्या परिशिष्टात ते मूळ पत्र पुन्हा आले. मीमांसेचा अधिकार मिळविणाऱ्याने साक्षीची शिस्त सैल होऊ देता कामा नये, हा धडा खुद्द डग्लसच्या उदाहरणावरूनच घ्यावा लागतो.

४

तिसऱ्या ग्रंथाविषयीचा रूढ निवाडा बहुतांशी मान्य करावा लागतो. मार्शलचे पद, दस्तऐवज नोंदणीचे पद, हैतीतील वकिलात अशा मानांच्या वर्णनात मूळचा ताव निवतो. तरीही दोन प्रकरणांसाठी तो वाचलाच पाहिजे.

पहिले पलायनाचे. आपण कसे निसटलो हे डग्लसने १८४५ मध्ये व १८५५ मध्ये मुद्दाम सांगितले नव्हते. सांगितले असते तर मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. गुलामगिरी नष्ट झाल्यानंतरच्या या ग्रंथात ते गुपित उघड होते. खलाशाचा वेष, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाकडून मागून घेतलेला परवाना, आगगाडी आणि एका दिवसाच्या आत न्यूयॉर्क! इतक्या वर्षांनी उलगडलेले हे रहस्य अगदीच साधे निघते, आणि मग ध्यानात येते की या आयुष्याची खरी सीमा मेरीलँडच्या हद्दीवर नव्हती; ती कोव्हीच्या शेतावरच ओलांडली गेली होती.

दुसरे प्रकरण १८७७ मधील भेटीचे. मृत्युशय्येवरील ऑल्डला त्याचा जुना गुलाम भेटावयास जातो आणि आजीविषयीची आपली चूक त्याच्यासमोर कबूल करतो. या भेटीबद्दल त्याच्यावर टीका झाली. परंतु गुलामगिरीवरील आरोपाचा एक शब्दही मागे न घेता एका माणसाविरुद्धची चुकीची साक्ष मागे घेणे, यात साक्षीदार आणि मीमांसक प्रथमच एकत्र आलेले दिसतात.

५

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मात्र त्या ग्रंथात जोतीराव केवळ हकीकत सांगून थांबत नाहीत. इतिहासाचा अर्थ लावण्याचा हक्क ते स्वतःकडे घेतात. पुढे ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांसारखी आत्मकथने आली, तेव्हा समीक्षेने त्यांतील अनुभवाच्या दाहकतेचा गौरव भरभरून केला. त्यांतील विचाराची चिकित्सा मात्र त्या मानाने कमीच झाली. हकीकत तुम्ही सांगा, तत्त्व आम्ही पाहू, ही वृत्ती अशा रीतीने कौतुकाच्या रूपानेही वावरू शकते.

डग्लसच्या पहिल्या पुस्तकाचे मोल यामुळे उणावत नाही. त्याच्याइतकी नेमकी साक्ष एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन गद्यात क्वचितच सापडेल. परंतु तेवढेच वाचून थांबणारा वाचक नकळत त्या सभेत जाऊन बसतो, जेथे वक्त्याकडून फक्त वळ पाहावयाचे असतात. त्याच्यातील राजकीय पुरुष, चळवळीचा नेता आणि विचारवंत समजून घ्यावयाचा, तर १८५५ च्या ग्रंथाकडे वळावे लागते. कारण वळ कोणी उठविले याबरोबरच ते का उठू दिले गेले, हेही सांगण्याचा अधिकार डग्लसने तेथे प्रथम बजावला.