मेळघाटातील व्याघ्रगणना आणि कॅमेरा ट्रॅप : एका पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

सातपुड्याच्या रांगांत, अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत पसरलेला आणि नरनाळ्याच्या बाजूने अकोला जिल्ह्यात उतरणारा मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. १९७३-७४ पासून, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, या अरण्याविषयी एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो : मेळघाटात वाघ किती? वरवर पाहता हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे. परंतु कोणती गावे हलवावीत, संरक्षणासाठी किती निधी द्यावा, अकोला-खंडवा मीटरगेज लोहमार्गाचे रुंदीकरण प्रकल्पातून करावे की मार्ग बाहेरून न्यावा, अशा प्रत्येक वादात वाघांची संख्या पुराव्यादाखल पुढे केली जाते. म्हणूनच ती संख्या कशी मिळते, हे तपासणे केवळ तज्ज्ञांचे काम राहत नाही. कॅमेरा ट्रॅपने ही मोजणी पडताळून पाहण्याजोगी केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्याच्या चौकटीत जे येते तेवढेच अरण्य, असा समज रूढ होणे घातक आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

पाऊलठशापासून छायाचित्रापर्यंत

ओडिशातील वनाधिकारी एस. आर. चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास पाऊलठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत रूढ केली. ठशावर काच ठेवून त्याची रेखाकृती उतरवून घ्यायची, प्लास्टरचा साचा करायचा आणि आकारभेदावरून वाघ वेगळे ओळखायचे, असे तिचे स्वरूप होते. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी प्रगणनेत याच पद्धतीने १,८२७ वाघ नोंदले गेले. ही पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकाच्या अनुभवाला तीत मान होता. परंतु प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो आणि प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, ही तिची दोन्ही गृहीतके कधी कसोटीला लावली गेली नाहीत. माती ओली की भुसभुशीत, वाघ चालत होता की धावत, यावर ठसा बदलतो. उल्हास कारंथ यांनी १९८० च्या दशकापासून या दोषांवर बोट ठेवले होते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले, तेव्हा या पद्धतीवरील विश्वास ढासळला.

त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्था व राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण यांनी २००६ पासून कॅमेरा ट्रॅपचा आधार घेणारे चातुर्वार्षिक अंदाज सुरू केले. पहिल्याच फेरीत देशात १,४११ वाघ असल्याचा निष्कर्ष निघाला. पूर्वीच्या पद्धतीने २००१-०२ मध्ये ३,६४२ वाघ सांगितले गेले होते. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘इतके वाघ नष्ट झाले’ असे म्हणणे शास्त्रीय नव्हे. मापाची फूटपट्टीच बदलली असता वस्तू लहान झाली की आधीचे माप चुकले होते, हे केवळ वजाबाकीतून कळत नाही.

पद्धतीचे तत्त्व

जंगलाचे ठरावीक क्षेत्रफळाचे चौकोन पाडून प्रत्येकात वाघाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बसवितात. दोन कॅमेरे आवश्यक असतात, कारण वाघाच्या उजव्या व डाव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाची पट्टेरचना स्वतंत्र असते. तीवरून तो ओळखला जातो.

तथापि, छायाचित्रांतील वाघ मोजणे म्हणजे गणना नव्हे. पद्धतीचे मर्म ‘पुन्हा दिसण्यात’ आहे. समजा, पहिल्या टप्प्यात २० वाघ टिपले गेले, दुसऱ्या टप्प्यात १५, आणि या १५ पैकी १० पूर्वीचेच निघाले. म्हणजे ओळखीच्या वाघांपैकी निम्मेच पुन्हा दिसले. यावरून दुसऱ्या टप्प्यात दिसलेले १५ हे एकूण संख्येच्या निम्मे असावेत आणि एकूण वाघ सुमारे ३० असावेत, असा अंदाज बांधता येतो. आजची सांख्यिकी प्रतिमाने याहून गुंतागुंतीची असून ती वाघाच्या संचारक्षेत्राचाही विचार करतात. परंतु मूळ कल्पना हीच आहे. न दिसलेल्यांची संख्या दिसलेल्यांवरून प्रामाणिकपणे काढणे, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

हे तत्त्व दुर्लक्षित झाले की छायाचित्रे फसवू लागतात. २०१८ च्या फेरीत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची ७६,६५१, तर बिबट्यांची ५१,७७७ होती. केवळ छायाचित्रे मोजणारा म्हणेल की बिबटे वाघांपेक्षा कमी. प्रत्यक्षात त्या फेरीतील अंदाज वाघांसाठी २,९६७ आणि बिबट्यांसाठी १२,८५२ असा होता. कॅमेऱ्यांच्या जागा वाघाला डोळ्यांपुढे ठेवून निवडलेल्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या विसंगतीचा बराच उलगडा होतो.

मेळघाटचा भूगोल आणि यंत्राची मर्यादा

मैदानी जंगलात सुटसुटीत वाटणारी ही पद्धत मेळघाटात कष्टाची ठरते. सिपना, गाडगा, डोलार यांच्या खोऱ्यांनी कापलेला हा प्रदेश उभ्या कड्यांचा व खोल दऱ्यांचा आहे. कॅमेरा जेथे माणूस पोहोचू शकतो तेथेच बसतो. त्यामुळे गाडीवाटा व कोरडे नाले यांना झुकते माप मिळण्याचा धोका असतो. दुसरी अडचण वऱ्हाडच्या उन्हाची. हे कॅमेरे सामान्यतः प्राण्याच्या देहाची उष्णता व भोवतालची उष्णता यांतील फरक हेरून चालू होतात. भर उन्हाळ्यात भोवतालचे तापमान देहाच्या तापमानाला येऊन भिडते, तेव्हा हा फरक पुसट होतो आणि समोरून गेलेला प्राणीही टिपला जाण्याची शक्यता घटते. तिसरी मर्यादा प्राण्यांची. वाघ व बिबट्या अंगावरील खुणांवरून ओळखता येतात. अस्वल, गवा, सांबर यांना तशा ठळक खुणा नसतात. त्यांची छायाचित्रे अस्तित्व सिद्ध करतात, संख्या नव्हे.

येथे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावरून होणाऱ्या प्राणिगणनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. वन विभाग आता तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतो. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजले जाऊ शकते, हे मान्य करणारे हे नामांतर प्रामाणिक आहे. हाच प्रामाणिकपणा कॅमेऱ्याच्या आकड्यांबाबतही अपेक्षित आहे.

चौकटीबाहेरचे अरण्य

‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांत किती अंतर असते, याचा धडा रानपिंगळ्याने दिला आहे. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीशीर नोंद नव्हती; तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला आणि पुढील सर्वेक्षणांत मेळघाटच्या सागवनांतही सापडला. एकशे तेरा वर्षे पक्षी नव्हता असे नाही. पाहणारा योग्य जागी नव्हता.

दुसरा धडा २०१९ चा. टिपेश्वर अभयारण्यातील, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ शेते, नाले, रस्ते ओलांडत शेकडो किलोमीटर चालून त्या वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या प्रवासाचा मोठा भाग कपाशी-तुरीच्या मुलखातून झाला, जेथे गणनेचे कॅमेरे नसतात. कॉलर नसती तर हा प्रवास बहुतांशी अज्ञातच राहिला असता. संरक्षित क्षेत्रांना जोडणारी ही वाट आकड्यात दिसत नाही. म्हणून नियोजनातही ती सहज गाळली जाते.

चौकटीत आलेला माणूस

कॅमेरा वाघासाठी लावला तरी तो वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला टिपतो. मोह वेचणारी, सरपण आणणारी कोरकू स्त्री त्याला वर्ज्य नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसराविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, अशा कॅमेऱ्यांमुळे स्त्रिया जंगलात मोकळेपणाने बोलणे-गाणे टाळू लागल्या आणि काही छायाचित्रांचा गैरवापरही झाला. मेळघाटबाबत तसा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. परंतु बोरी, कोहा, कुंड या गावांचे अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात पुनर्वसन झालेल्या या प्रदेशात अरण्य आणि माणूस यांचे नाते आधीच नाजूक आहे. माणसांच्या छायाचित्रांचे काय होते, ती कोण पाहतो, केव्हा पुसली जातात, हे गावाच्या भाषेत गावाला सांगितले जाणे हा पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

२०२२ च्या फेरीनंतर एप्रिल २०२३ मध्ये देशातील वाघांची संख्या किमान ३,१६७ सांगितली गेली. जुलैमध्ये सरासरी अंदाज ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ जाहीर झाली. यात विसंगती नाही; एकाच शोधाची ही वेगवेगळी, प्रामाणिक उत्तरे आहेत. दोष आहे तो या मर्यादा गाळून एकच आकडा मथळ्यात मिरविण्याच्या सवयीचा. शिवाय ज्या भागांत कॅमेरे नाहीत, तेथे खाणाखुणांच्या नोंदींवरून संख्या ताडण्याच्या रीतीवर २०१५ मध्ये सांख्यिकीच्या अंगाने गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत, हेही विसरता येत नाही.

पाऊलठशांची पद्धत कोसळली ती ठसे खोटे होते म्हणून नव्हे, तर तिच्या गृहीतकांना प्रश्न विचारले गेले नाहीत म्हणून. कॅमेरा ट्रॅपबाबत ती चूक पुन्हा होऊ द्यावयाची नसेल, तर आकड्यासोबत त्याची मर्यादा, कॅमेऱ्यांच्या जागा निवडण्यामागील कारणे आणि न पाहिलेल्या क्षेत्राचा उल्लेख प्रसिद्ध होणे अगत्याचे आहे. या कामी अमरावती व अकोल्याच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, सांख्यिकी, भूगोल व समाजशास्त्र या विभागांना एकत्र येण्यास मोठा वाव आहे. वाघ किती, या प्रश्नाचे उत्तर यंत्र देऊ शकते. ते उत्तर कितपत मानावे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.