आहारतक्ता वाचताना

स्वमग्न मुलांसाठीचा म्हणून एक आहारतक्ता हातोहात फिरतो आहे. पुलगावच्या एका शिक्षिकेने त्याची प्रत आमच्याकडे पाठवली. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्याने अक्षरे पुसट झालेली, लिहिणाऱ्याचे नाव नाही, साल नाही. बाईंच्या बालवाडीतल्या पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाच्या घरी तो तीन महिने कसोशीने पाळला जात आहे. मुलाचे पोट मात्र बिघडलेलेच आहे. कधी चार-पाच दिवस शौचाला होत नाही, तर कधी एका दिवसात तीनदा चड्डी खराब होते. डब्यातले त्याला काय खाऊ द्यावे आणि काय नाही, एवढाच बाईंचा प्रश्न होता. उत्तर देण्यासाठी आम्ही तो तक्ता एखादे पुस्तक परीक्षणाला यावे तसा वाचला.

तक्त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गव्हातले ग्लुटेन आणि दुधातले केसीन ही प्रथिने या मुलांना पचत नाहीत. त्यांच्या अर्धवट तुकड्यांपासून अफूसारखे पदार्थ बनतात, ते रक्तातून मेंदूत जातात आणि मूल 'नशेत' राहते. म्हणून गहू आणि दूध पूर्ण बंद करा. सहा आठवड्यांत पोट आणि वागणे दोन्ही सुधारेल. फरक पडला नाही तर कुठून तरी गहू पोटात गेला असे समजा आणि अधिक कडक व्हा.

हे सगळे हवेतून आलेले नाही, हे आधी सांगायला हवे. १९७९ मध्ये याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. अफूच्या जातीची द्रव्ये थोड्या प्रमाणात दिलेली प्राण्यांची पिले आईपासून दूर केली तरी फारशी रडत नाहीत. स्वमग्न मुलांचा अलिप्तपणा याच जातीचा असेल का, असा त्याचा प्रश्न होता. पुढे नॉर्वेत कार्ल रायचेल्ट यांनी अशा मुलांच्या लघवीत प्रथिनांचे वेगळे तुकडे सापडल्याचे सांगितले आणि गहू-दूध बंद करण्याचा विचार जोर धरू लागला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पहिला दुवा ठीकच आहे. ग्लुटेन आणि केसीन या दोन्हींत प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि प्रोलीन जिथे असते तिथली साखळी तोडताना आपल्या पाचकरसांची दमछाक होते. उरलेल्या काही तुकड्यांचा आकार परीक्षानळीत खरोखरच अफूच्या कुलुपात बसतो.

पुढचे दुवे मात्र कच्चे निघाले. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अधिक नेमक्या उपकरणांनी लघवी तपासली, तेव्हा स्वमग्न मुलांत आणि इतर मुलांत असा फरक आढळला नाही. मग राहिली सरळ कसोटी: आहार बदला आणि बघा. ही कसोटी दिसते तेवढी सोपी नाही. आहार कोण बदलतो? आई. फरक पडला का हे कोण सांगते? तीच आई. म्हणून अमेरिकेत सुसान हायमन आणि सहकाऱ्यांनी वेगळी रीत वापरली. तीन ते पाच वर्षांच्या १४ मुलांना आधी काही आठवडे गहू आणि दूध पूर्ण बंद ठेवले. मग त्यांना ठरावीक खाऊ दिला. त्यात कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कोणत्या दिवशी काय होते हे आईवडिलांना, शिक्षकांना आणि तपासणाऱ्यांना, कुणालाच ठाऊक नव्हते. २०१६ साली छापलेला निष्कर्ष असा: वागणे, झोप, शौच यांपैकी कशातही फरक दिसला नाही. मुले थोडी होती हे खरे, आणि हजारात एखादे मूल वेगळे निघणारच नाही असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. पण तक्ता सर्व मुलांविषयी जे ठामपणे सांगतो, त्याला इथे आधार नाही.

या बाबतीत सिक्रेटिनची हकिकत शिक्षकांनी अवश्य वर्गात सांगावी अशी आहे. सिक्रेटिन हे आतड्याचे एक संप्रेरक. तपासणीसाठी ते टोचल्यावर तीन स्वमग्न मुलांची बोलचाल सुधारली, असा अहवाल १९९८ मध्ये आला आणि पालकांची रीघ लागली. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि जवळपास सारखीच. हा निकाल कळल्यावरही दोन-तृतीयांशांहून अधिक पालकांना सिक्रेटिन हवेच होते. त्यांना हसण्याचे कारण नाही. ज्याच्या मुलाने तीन वर्षांत 'आई' म्हटलेले नाही तो माणूस मिठाच्या पाण्यालाही नाही म्हणणार नाही.

वर्धा जिल्ह्याला आहाराच्या प्रयोगांचे नवल नाही. सेवाग्रामला येण्याच्या सात वर्षे आधी, १९२९ मध्ये, गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला, प्रकृती बिघडल्यावर तो थांबवला आणि तसे जाहीरपणे लिहिले. आमच्या तक्त्यात नेमकी हीच सोय नाही. सुधारले तर आहारामुळे, न सुधारले तर तुमच्या हलगर्जीपणामुळे. जे विधान कोणत्याही परिणामाने खोटे ठरूच शकत नाही, ते विज्ञानाच्या वहीत बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्याचा सगळा भार स्वयंपाकघरातल्या बाईवर पडतो.

मग 'दूध बंद केले आणि पोट निवळले' असे सांगणारे पालक खोटे बोलतात का? मुळीच नाही. आपल्या देशात बऱ्याच जणांत वय वाढते तशी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची शक्ती कमी होत जाते. पोट फुगते, पातळ होते. ही साखरेची गोष्ट आहे, केसीनची नव्हे, आणि दह्या-ताकाने तितका त्रास होत नाही. उलट प्रकारही आहे. १९९८ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी हट्टी बद्धकोष्ठतेच्या ६५ मुलांना आलटून पालटून गाईचे आणि सोयाबीनचे दूध दिले. गाईचे दूध थांबवल्यावर ४४ मुलांची तक्रार मिटली. ती स्वमग्न मुले म्हणून निवडलेली नव्हती, साधी बद्धकोष्ठतेची मुले होती. तेव्हा पालकांचे निरीक्षण बरोबर आणि तक्त्याचे स्पष्टीकरण चूक, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. आपण विज्ञान शिकवताना निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवा म्हणतो ते यासाठीच.

गव्हाच्या बाबतीत तक्त्याची चूक अधिक गंभीर आहे. सिलिअ‍ॅक नावाचा खरोखरचा आजार आहे. त्यात ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झडते आणि गहू जन्मभर सोडावा लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात तो शंभरात एकाहून थोडा अधिक, तर दक्षिणेत हजारात एक इतका आढळला. पुलगावात दोन्ही प्रकारची घरे आहेत: पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकर खाणारी, आणि लष्कराच्या दारूगोळा कोठारातल्या नोकरीनिमित्त उत्तरेतून आलेली, दोन्ही वेळ पोळी खाणारी. या आजाराची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधी महिनोन्‌महिने गहू बंद केला की रक्तातली खूण विरते आणि तपासणी नाही म्हणते. मग त्या मुलाला आजार होता की नाही हे कळायला पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो. तक्त्याच्या चार पानांत 'आधी रक्त तपासा' ही एक ओळ नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव बाईंच्या पत्रात होती तीच: चार दिवस काही नाही, मग दिवसात तीनदा. घरच्यांनी याला कधी बद्धकोष्ठता तर कधी हगवण म्हटले. बहुतेक वेळा हा एकच आजार असतो. मोठ्या आतड्याच्या शेवटी मळ साचतो, वाळून घट्ट होतो, आतडे ताणले जाते. ताणलेल्या आतड्याला 'आता जायला हवे' ही जाणीवच बोथट होते. वरून येणारा पातळ मळ या गोळ्याच्या कडेकडेने झिरपतो आणि चड्डीत उतरतो. मुलाला ते कळतही नाही. अशा वेळी हगवण समजून खाणे कमी करणे किंवा जुलाब थांबवणारे औषध देणे म्हणजे तुंबलेल्या मोरीला बोळा लावणे. नुसता कोंडा आणि भाजीपाला वाढवूनही उपयोग नाही. पाणी बेताचे आणि आत गोळा अडलेला असेल तर तो आणखी फुगतो. दर महिन्याला एरंडेल पाजण्याची जुनी रीतही इथे नको. आधी साचलेला मळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोकळा करायचा, आणि मग पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज कित्येक महिने चालू ठेवायचे. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून थांबवले की गाडी पुन्हा मूळ जागी येते.

स्वमग्न मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या सुमारे चौपट आढळतात, असे २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले गेले. बोलता न येणारे मूल 'पोट दुखते' असे सांगणार कसे? ते बाकाच्या कडेवर पोट दाबून पालथे पडते, गुडघे पोटाशी घेते, जेवण झाले की किंचाळते, स्वतःच्या हाताला चावते. आपण म्हणतो, स्वमग्नच आहे, असेच करणार. २०१० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जे निवेदन काढले, त्यात यावरच भर होता: अशा मुलाच्या पोटाची तपासणी इतर कोणत्याही मुलासारखीच पूर्ण करा, वागणे एकाएकी बिघडले तर दुखण्याचा संशय घ्या. सरसकट आहारबंदीला पुरेसा पुरावा नाही असेही त्यांनी म्हटले होते. तक्ता लिहिणाऱ्याच्या वाचनात ते आलेले दिसत नाही.

तक्त्यातल्या पर्यायी पदार्थांकडे वळू. बदामाचे दूध, किनोआ, बाहेरून मागवायची पिठे. हा तक्ता कुठल्या तरी वेगळ्या स्वयंपाकघरात जन्मला आणि तसाच मराठीत उतरला. ज्वारीत ग्लुटेन नसते, तांदळात नसते, तुरीत नसते, हे त्याला माहीतच नाही. गहू टाळायचाच असेल तर विदर्भात त्यासाठी किनोआ लागत नाही. भाकर, वरण-भात आणि जवसाची चटणी पुरते. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडीही त्यात बसते. उलट जिथे गहू लपलेला असतो ते हिंग मात्र यादीत नाही. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि सिलिअ‍ॅकच्या मुलाला तेवढाही बाधतो. अडचण इतकीच, की रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि ज्वारी बहुधा विकत घ्यावी लागते.

दुधाची भरपाई गव्हाइतकी सोपी नाही. एक कप गाईच्या दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, बदामाच्या दुधात जेमतेम एक. ज्वारीत कॅल्शियम फारच थोडे. नाचणीत आणि तिळात भरपूर, पण त्यांचा उल्लेख नाही. २००८ मधल्या एका अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांची हाडे वयाच्या मानाने बारीक आढळली, आणि दूध बंद असलेल्यांची अधिकच. शिवाय यांतली बरीच मुले मुळातच चार-पाच पदार्थांवर जगतात. मऊ हवे किंवा कुरकुरीतच हवे, पांढरेच हवे, एकाला दुसरे लागलेले नको. जे मूल फक्त पोळी, दूध, बिस्किट आणि भात खाते त्याच्यासाठी तक्ता पाळला की उरतो भात. अतिशय निवडक खाणाऱ्या स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमच्या संत्र्यांच्या मुलखात तरी ती वेळ येऊ नये.

शेवटच्या पानावर कुणीतरी हाताने 'आतड्यातले जंतू बिघडलेले असतात' अशी भर घातली आहे. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसले ते असे: मूल निवडक खाते म्हणून आहारातले वैविध्य कमी होते, आणि त्यामुळे जंतूंचे वैविध्य घटते. कारण आणि परिणाम तक्त्याने उलटे धरले आहेत. तसे असेल तर खाणे आणखी आखडणे हा उपाय होत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. डब्यात तो आज जे खातो ते खाऊ द्यावे. नवा पदार्थ शेजारी चिमूटभर ठेवावा, खाण्याचा आग्रह न करता; दहा-पंधरा वेळा दिसल्यावर एखादा पदार्थ आपला वाटू लागतो. त्याची पाण्याची बाटली आणि तिच्यावरची रेघ रोज बघावी, उन्हाळ्यात तर नक्कीच. पंधरा दिवस एका वहीत शौचाची वेळ, घट्ट की पातळ, काय खाल्ले आणि किंचाळला केव्हा, एवढे लिहावे. ही वही घेऊन पालकांनी वर्धा किंवा सेवाग्रामच्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, त्यांनाही ती दाखवावी. रक्त पडणे, हिरवी उलटी, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर पंधरा दिवस थांबू नये.

जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत आतडे आपोआप हालचाल करते. त्या वेळी मुलाला पाच-दहा मिनिटे संडासात बसवावे, झाले नाही तरी रागवू नये. भारतीय पद्धतीची बैठक याला चांगलीच, पण भांडे मोठे असते आणि लहान मुलाचा तोल जातो. एक दांडी किंवा दोरी धरायला असली की भीती जाते. आणि शाळेच्या संडासाला आतून अंधार असेल, नळ एकदम धो धो सुटत असेल, तर ज्याचे कान आणि नाक इतरांपेक्षा तिखट आहेत ते मूल दिवसभर रोखून धरते. तिथे एक दिवा लावता येतो का आणि नळ बारीक करता येतो का, ते मुख्याध्यापकांशी बोलून याच आठवड्यात बघता येईल.