अनेकवचनातील दैन्य : ग्रांव्हील आणि दोमिये यांची उपहासचित्रे

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच उपहासचित्रांचा विचार करताना राजकीय चित्रांना अग्रमान द्यावयाचा आणि नित्याच्या कटकटींवरील चित्रांस माघार समजावयाचे, असा प्रघात आहे. या समजुतीस ऐतिहासिक आधार आहे हे खरे. २८ जुलै १८३५ रोजी राजा लुई फिलिप याच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्यानंतर सप्टेंबरात झालेल्या कायद्यांनी चित्रांवर पूर्वतपासणी पुन्हा लादली. 'ला कारिकात्यूर' हे पत्र बंद पडले. ग्रांव्हील (१८०३–१८४७) ग्रंथचित्रणाकडे वळला व दोमिये 'ल शारिवारी' या पत्रात सामाजिक विषय हाताळू लागला. परंतु कृतीचे कारण सांगितल्याने तिचे मोल ठरत नाही.

१८४३ साली पॅरिस येथे 'प्तीत् मिझॅर द ला व्ही युमॅन' हा सचित्र ग्रंथ निघाला. चित्रे ग्रांव्हीलची, मजकूर 'ओल्ड निक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या फोर्ग याचा. याच अर्थाच्या नावाचे बेरेस्फर्डचे इंग्रजी पुस्तक १८०६ सालीच प्रसिद्ध झाले होते. फ्रेंच नावातील 'मिझॅर' हा शब्द मात्र अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. एकवचनात त्याचा अर्थ घोर दारिद्र्य. अनेकवचनात तो बहुधा आपल्या 'कटकटी' या शब्दाजवळ येतो, आणि एखाद्यास 'मिझॅर करणे' म्हणजे त्यास सतावणे होय. ग्रंथापूर्वी तीनच वर्षे, १८४० साली, ब्यूरे याने इंग्लंड व फ्रान्समधील श्रमिकांच्या दैन्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात हाच शब्द एकवचनी आहे. ज्याच्या अंगावर कोट आहे त्यालाच कोट भिजल्याची तक्रार करता येते. अनेकवचनाचा प्रत्यय येथे केवळ संख्या दाखवीत नाही, वर्गही दाखवितो.

ग्रांव्हील चित्रकलेत साहित्याची साधने आणतो, असा आक्षेप बोदलेअर याने १८५७ साली घेतला. निरीक्षण अचूक आहे. ग्रांव्हील भाषेतील लक्षणा उचलतो आणि तिचा वाच्यार्थ रेखाटतो. 'अन् ओत्र् माँद' (१८४४) या ग्रंथातील नाट्यगृहाच्या चित्रात एका सुंदरीकडे पाहणाऱ्या पुरुषांच्या धडांवर डोक्यांऐवजी प्रचंड नेत्रगोल आहेत. 'सर्वांगाचे डोळे होणे' हा वाक्प्रचारच तेथे अवतरला आहे. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेले ठसे खिळ्यांसोबत एकाच वेळी छापता येत, त्यामुळे चित्र व शब्द एका पानावर शेजारी नांदत. अशा पानावरील चित्र साहित्यिक असणे हा दोष मानण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी उणीव निराळी आहे. ग्रंथाचे नावच या कटकटी 'मानवी जीवना'च्या ठरविते. ज्या सर्वांच्या, त्यांस कर्ता नसतो. त्या पावसासारख्या येतात आणि वाचक हसून मोकळा होतो.

दोमियेच्या भाडेकरू-घरमालक मालिकेतील १८४७ सालचे एक शिळाछापाचे चित्र याच्याशी ताडून पाहावे. छत गळत आहे, भाडेकरू अंथरुणात छत्री उघडून बसला आहे, आणि दुरुस्ती हवा चांगली असतानाच करू म्हणणाऱ्या मालकास तो दरोडेखोर म्हणत आहे. फ्रेंच पदरचनेत शिवी प्रधानपदी येते व मालक तिला षष्ठीने जोडला जातो. दोमियेच्या चित्रांखालील मजकूर पुष्कळदा इतरांनी लिहिलेला असे, हे मान्य करूनही येथील चित्र व वाक्य परस्परांवाचून अपुरे आहेत. मालक चित्रात नाही. वाक्याने त्याला तेथे खेचून आणले आहे. पाऊस निसर्गाचा, परंतु छताचे भोक मालकाचे. कटकटीस कर्ता मिळाला आणि अनेकवचन पुन्हा एकवचनाकडे सरकू लागले.

म्हणून अशा चित्रांची परीक्षा विषयाच्या लहानमोठेपणावरून करू नये. कटकट कोणामुळे होते हा प्रश्न चित्र विचारते की नाही, हे पाहावे. तो प्रश्न जेथे विचारला गेला तेथे १८३५ चे कायदे पुरते यशस्वी झाले नाहीत. राजाचे चित्र अडविता आले, घरमालकाचे राहून गेले.