चोर, घरधनी आणि हास्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत शिरूर तालुक्यांतील केंदूर येथील आमच्या जुन्या घरीं पुतणीनें एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातीं दिली. रिचर्ड ऑस्मन यांची ही ‘द थर्स्डे मर्डर क्लब’ २०२० सालीं प्रसिद्ध झाली. निवृत्तांच्या वसाहतींतील चौघे, म्हणजे एकेकाळची गुप्तहेर एलिझाबेथ, परिचारिका जॉइस, मानसोपचारतज्ज्ञ इब्राहिम आणि कामगारपुढारी रॉन, दर गुरुवारीं जमून न उलगडलेल्या जुन्या खुनांचा काथ्याकूट करतात. तोंच एक ताजा खून त्यांच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपतो. एरवीं ज्यांची ओळखहि झाली नसती अशा या चौघांचा स्नेह हाच कादंबरीचा प्राण होय. मीं ती दोन बैठकींत संपविली, मनमुराद हंसलों, आणि पुस्तक मिटल्यावर मनांत शंका उरली: खुनावर इतकें हंसावें काय?

ही शंका केवळ नीतिवाद्याची नव्हे. मी लहान असतांना याच घराची मागील भिंत चोरांनीं फोडली होती. गेलीं तीं चार तांब्यापितळेचीं भांडीं. परंतु आमची आजी पुढें कित्येक महिने रात्रीं दिवा मालवूं देत नसे. गुन्ह्याचें खरें मोल त्या जळत्या दिव्यावरून कळतें. ज्या लेखकाला तो दिवा दिसत नाहीं, त्याचा विनोद कितीहि चुरचुरीत असला तरी पोरकटच म्हटला पाहिजे.

पुतणीनें विचारलें, “काका, आपल्याकडे असें कांहीं आहे का?” कादंबरी म्हणून नव्हे, पण कथानक म्हणून मला शूद्रकाच्या नांवावर असलेलें ‘मृच्छकटिक’ आठवलें. गोविंद बल्लाळ देवल यांनीं तें संगीतरूपानें मराठी रंगभूमीवर आणल्यापासून तें आपल्या ओळखीचें आहे. येथें मात्र मी मूळचें दहा अंकी संस्कृत प्रकरणच पुढें ठेवितों.

त्यांतील पात्रें किती वल्ली आहेत! दहा सुवर्णनाण्यांच्या देण्यापायीं पळालेला जुगारी संवाहक ओस देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो, आणि फांसे खुळखुळतांच त्या मूर्तीचा संयम सुटतो. राजाचा मेहुणा शकार रामायण-महाभारताची खिचडी करून आपली विद्वत्ता मिरवितो. शर्विलक हा ब्राह्मण चोर तर चारुदत्ताची भिंत जानव्यानें मोजतो आणि भोंक कोणत्या आकृतीचें शोभेल याचा शास्त्रार्थ करतो. झोपेंत बरळणारा मैत्रेय वसंतसेनेच्या दागिन्यांची पुरचुंडी आपण होऊनच त्याच्या हवालीं करतो. सकाळीं चारुदत्त त्या भोंकाची कारागिरी वाखाणतो आणि चोर रिकाम्या हातीं गेला नाहीं म्हणून समाधान मानतो!

परंतु नाटककार हें हास्य फुकट वाटीत नाहीं. दागिने परक्याची ठेव. दरिद्र्याच्या घरीं चोरी झाली यावर विश्वास कोण ठेवील? म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नावली काढून देते. पुढें नवव्या अंकीं भर न्यायसभेंत मैत्रेयाच्या काखेंतून पुन्हां दागिनेच गळून पडतात आणि निरपराध चारुदत्त खुनी ठरतो. तिसऱ्या अंकीं ज्यावर आपण हंसलों, त्यानेंच येथें आपला श्वास कोंडतो. म्हणूनच दहाव्या अंकीं शर्विलक वधभूमीवर धांवत येऊन ‘तुमचें घर फोडणारा तो मीच’ अशा अर्थाची कबुली देतो, आणि चारुदत्त त्याला मित्र म्हणून हृदयाशीं धरतो, तें आपल्याला पटतें. चोर आणि घरधनी यांच्या या स्नेहाची किंमत आधींच चुकती झालेली असते.

तरी एक उणीव मला बोंचते. किंमत चुकती केली ती धूतेनें. शर्विलकाची कबुली मात्र तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. आमच्या आजीलाहि कोणी कांहीं विचारलें नव्हतें.

या कसोटीवर ऑस्मन यांची कादंबरी अर्धी उतरते. त्या चौघांच्या थट्टेखालीं वार्धक्याचें दुःख खरें आहे: एलिझाबेथच्या पतीची स्मृति ढासळत आहे, जॉइस पतीमागें एकटी राहिली आहे. पण खुनाला बळी पडणारे कंत्राटदार आणि मालक वाचकाला नकोसे वाटावेत अशी तजवीज लेखकानें आधींच करून ठेविली आहे. नकोशा माणसाच्या मरणावर हंसविणें सोपें असतें.

मराठींत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनीं असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लाविली. विनोदाची परंपराहि आपल्याकडे थोर आहे. या दोहोंचा संगम करूं पाहणाऱ्या तरुण लेखकानें घरफोडीवर खुशाल हंसवावें. फक्त त्या घरांत रात्रभर जागणारें कोणी आहे, हें त्यानें विसरूं नये.